सुखराम फौजींचा शेला सीलमधून सोडविणेबाबत

प्रति,
माननीय तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, मोहपार,
जिल्हा भंडारा.

अर्जदार: श्रीमती सत्यवती चंद्रभान निखारे, वय ६१, धंदा हातमागावर विणकाम,
सचिव, माजी सैनिक स्मृतिउद्यान व संग्रहालय श्रमदान समिती,
मौजा साकरटोला, तालुका मोहपार, जिल्हा भंडारा.

दिनांक: १७ फेब्रुवारी २०२५

विषय: संग्रहालयाच्या खोलीला विनापरवाना कापड दुकान समजून लावलेले सील तात्काळ काढणेबाबत; आणि ते काढायचेच नसेल तर निदान एक शेला बाहेर देणेबाबत.

संदर्भ: १) मंडळ अधिकारी यांचा दिनांक २४ जानेवारीचा पंचनामा.
२) आमचे यापूर्वीचे अर्ज, जे आपल्या कार्यालयात आहेत किंवा नाहीत.
३) आपणांस २६ जानेवारीच्या कार्यक्रमाचे दिलेले निमंत्रण, ज्याच्यामुळे हे सर्व घडले.

महोदय,

१. सविनय सादर करते की, मी वर नमूद केलेली अर्जदार असून 'सविनय' हा शब्द माझा नाही. तो आमच्या समितीचे अध्यक्ष श्री. धनंजय मारबते यांचा आहे. ते फौजेत हवालदार क्लार्क होते, त्यामुळे सरकारी कागद कसा लिहावा हे त्यांना कळते. मी सातवी शिकलेली आहे, पण राग लिहायला सातवी पुरते. माझ्या पहिल्या मसुद्यावर त्यांनी लाल पेन चालवला आणि म्हणाले, "सत्यवतीबाई, अर्जात राग नसते लिवत. साहेब पुढं वाचतच नाई." त्यांनी खोडलेले सर्व शब्द मी पुन्हा लिहून काढले आहेत. याआधीचे अर्ज त्यांच्याच गोड भाषेत गेले होते आणि तेही आपण वाचलेले दिसत नाहीत. तेव्हा हा एक माझ्या भाषेत जाऊ द्यावा.

२. साकरटोल्याच्या तलावाच्या मातीच्या पाळीखाली गावाचे आखर आहे, म्हणजे गुरे रानात नेण्याआधी जिथे गोळा करतात ती मोकळी जागा. गावात गुरे कमी झाली तशी तिथे बेशरमाची झुडपे माजली आणि लोक कचरा टाकू लागले. तेव्हा पंचनामा करायला आपल्या कार्यालयातून कोणी आले नाही. ग्रामसभेने ठराव करून ती जागा आमच्या समितीला उद्यानासाठी दिली. ठरावाची नक्कल सोबत आहे. मागच्या अर्जासोबतही होती. त्याच्या मागच्या अर्जासोबतही होती. आपल्या कार्यालयात आमच्या ठरावाच्या इतक्या नकला जमल्या आहेत की त्यांचेच एक संग्रहालय होईल.

३. धानाची रोवणी आणि कापणी सोडून बाकी दर रविवारी आम्ही तिथे श्रमदान केले. झुडपे उपटली, कचरा उचलला, तलावातला गाळ टोपल्यांनी वाहून झाडे लावली. पडक्या घरांची कवेलू, म्हणजे कौले, मागून आणली आणि एक खोली उभी केली. आंबागडच्या बाजूने एक काळा दगड ट्रॅक्टरवर आणला, तो उद्यानाच्या मधोमध उभा आहे. खोलीत आमच्या गावच्या फौजींचे सामान मांडले: पत्र्याच्या पेट्या, जेवणाचे डबे, कानटोप्या, घरी आलेली पत्रे आणि मंगरू उईके यांनी डोंगरातून परत आणलेली एका खेचराची नाल. मंगरू फौजेत खेचरे सांभाळत. ज्या खेचराची ही नाल आहे ते त्यांच्या डोळ्यांसमोर दरीत गेले. त्या नालेला मंगरू कोणाला हात लावू देत नाहीत, पण संग्रहालयात ठेवायला त्यांनी दिली. यासाठी आम्ही शासनाकडे एक रुपया मागितलेला नाही. फक्त परवानगी मागितली होती. तीच आमची चूक झाली असे आता गावातले सगळे मला तोंडावर म्हणतात.

४. आता शेल्यांविषयी, कारण सगळे महाभारत त्यांच्यावरूनच घडले आहे. साकरटोला हे कोष्ट्यांचे आणि कास्तकारांचे गाव. गावातला मुलगा फौजेत भरती झाला की, तो कोणत्याही घरचा असो, आमच्या कोष्टी बायांपैकी एकजण त्याच्यासाठी सुती शेला विणते. पदरावर त्याचे नाव विणते. शेल्याच्या दोन्ही टोकांना सुताच्या मोकळ्या दशा असतात, त्यांना गाठी मारल्या नाहीत तर कापड उसवत जाते. या शेल्याच्या एका टोकाच्या दशा आम्ही गाठी मारून बंद करतो. दुसऱ्या टोकाच्या मोकळ्या ठेवतो. शेला घेऊन मुलगा जातो, शेला घेऊन परत येतो. ज्या दिवशी तो माणूस मरतो, मग तो म्हातारा होऊन घरच्या खाटेवर का मरेना, त्या दिवशी त्याच्या घरची बाई त्या मोकळ्या दशांना गाठी मारते, शेला त्याच्या अंगावर घालते आणि तो त्याच्यासोबतच जातो. त्यानंतर, आता उद्यान झाले म्हणून, त्याचे नाव मधल्या त्या काळ्या दगडावर येते. जित्या माणसाचे नाव आम्ही दगडावर कोरत नाही. जित्याचे नाव कापडावर.

ही रीत कोणी सुरू केली ते मला माहीत नाही. माझ्या सासूबाई गोदावरीबाई यांनी मला ती शिकवली. सुखराम तितिरमारे यांचा शेला त्यांच्याच हातचा आहे. सुखराम १९६७ साली फौजेत ड्रायव्हर म्हणून गेले, एकाहत्तरच्या लढाईत त्यांनी पूर्वेकडे दारूगोळ्याच्या गाड्या चालवल्या, आणि तेव्हा हा शेला त्यांच्या गळ्यात होता. त्याच्यावर डिझेलचा एक डाग आहे. तो निघत नाही आणि दुर्गाबाई, म्हणजे सुखराम यांच्या पत्नी, तो काढूही देत नाहीत.

५. उद्यानासाठी परवानगी मागायला मी आणि सुखराम पहिल्यांदा आपल्या कार्यालयात आलो तेव्हा आम्हाला एक छापील नमुना देण्यात आला. त्यात 'हुतात्म्याचे नाव' असा रकाना होता. आम्ही तो रिकामा सोडला. टेबलावरच्या बाबूंनी विचारले, "बाई, मेलं कोन हाय ते लिवा ना."

मी म्हटले, आमच्या गावचे कोणी लढाईत मेलेले नाही. जितके गेले तितके परत आले.

"मग स्मारक कायचं?"

साहेब, हे वाक्य त्यांनी सुखराम यांच्या समोर म्हटले. सुखराम त्यांच्या टेबलासमोर टोपी काढून उभे होते. त्यांनी उत्तर दिले, "मी जित्ता आलो, हा का माहा गुन्हा होय?" बाबू हसले. बाजूचे दोघे हसले. आणि नमुना 'अपूर्ण' असा शेरा मारून परत केला गेला. गोळी लागली नाही म्हणून अपूर्ण. एकाहत्तरमध्ये गाडी रस्त्याच्या बाहेर गेली असती, सुरुंगावर गेली असती, तर आमचा नमुना पूर्ण झाला असता आणि आपण स्वतः फीत कापायला आला असता. आमच्या गावाने आपल्या रकान्याची सोय पाहिली नाही, याबद्दल क्षमस्व. ('क्षमस्व' धनंजयरावांचे. बाकीचे वाक्य माझे.)

६. तरीही आम्ही मान ठेवला. खोली पूर्ण झाली तेव्हा घराघरांतून सगळ्या जित्या फौजींचे शेले आणून आम्ही तिथे दोरीवर टांगले. कोणाचा कोणता हे पाहुण्यांना कळावे म्हणून मोनिका नावाच्या आमच्या एका मुलीने प्रत्येक शेल्याला एक चिठ्ठी टाचली आणि चिठ्ठीवर त्या माणसाचा फौजी नंबर लिहिला. आणि २६ जानेवारीला उद्यानात झेंडा फडकवायला सुखराम आणि प्रमुख पाहुणे म्हणून आपण, असे ठरवून आपणांस निमंत्रण दिले. छापील दिले. सोबत नारळ दिला.

आपण येण्याआधी जागा पाहून घ्यावी म्हणून २४ जानेवारीला मंडळ अधिकारी आले. त्यांना आम्ही चहा पाजला. ते खोलीत गेले, टांगलेले शेले पाहिले, एकाचा पदर बोटांत धरून चोळून पाहिला, आणि विचारले, "माल चांगला आहे. दुकानाचा परवाना काढला का?"

आम्हाला वाटले, साहेब थट्टा करतात. आम्ही हसलो. साहेब, आम्ही हसलो हेही पंचनाम्यात आहे: 'परवान्याबाबत विचारणा केली असता उपस्थितांनी समाधानकारक उत्तर दिले नाही.' आणि खाली यादी केली, 'विक्रीसाठी टांगलेले शेले', प्रत्येकापुढे नग क्रमांक आणि दर. दराच्या रकान्यात त्यांनी चिठ्ठीवरचे फौजी नंबर उतरवले. नग क्रमांक सहा म्हणजे सुखराम यांचा शेला, त्याचा दर लाखांत गेला आहे. मंगरूचा त्याच्याही वर. सगळी बेरीज खाली केलेली आहे. कोट्यवधींचा माल साकरटोल्याच्या कवेलूच्या खोलीत सापडला, आणि बेरीज करणाऱ्या माणसाला शंका आली नाही. यादीच्या शेवटी शेरा आहे: 'माल एका बाजूने उसवलेला व सदोष.'

मंगरू सहसा बोलत नाहीत. पण पंचनामा वाचून दाखवला तेव्हा म्हणाले, "खेचराच्या खुरावर बी नंबर रायते फौजेत. त्याची कोनी किंमत नाई लावली."

दुकान कसे असते ते मला माहीत आहे, साहेब. मी अड्याळच्या बाजारात पाल ठोकून लुगडी विकली आहेत, उन्हात बसून विकली आहेत, आणि गिऱ्हाइकाशी घासाघीस करून घसा सुकवला आहे. दुकानात उसवलेला माल कोणी टांगत नाही. दुकानात गिऱ्हाइकाला चहा पाजून फुकट परत पाठवत नाहीत. आणि ज्याच्यावर दुसऱ्याचे नाव विणले आहे तो शेला कोण विकत घेईल? मंडळ अधिकारी यांना तो पाहिजे असेल तर तसे लेखी कळवावे.

७. त्याच दिवशी खोलीला दोरी बांधून, लाख ओतून सील लावण्यात आले. 'शासकीय जागेवर विनापरवाना कापड दुकान' असा कागद दारावर चिकटवला. ती लाख आमच्याच जंगलातल्या पळसावरची असेल, हे मी सहज नमूद करते.

२६ जानेवारीला आम्ही झेंडा सील लावलेल्या दारासमोर फडकवला. आपण आला नाहीत ते बरे केले. सुखराम यांनी दोरी ओढली. झेंडा उघडल्यावर ते सलामी देऊन वळले, तेव्हा समोर आपला कागद होता आणि त्याच्यावर 'दुकान' लिहिलेले होते. गावातली पोरे मागे उभी होती, त्यांनी ते मोठ्याने वाचले. मी त्या माणसाचा चेहरा पाहिला आहे, साहेब. तो चेहरा आपण पाहिला असता तर मला एवढे लिहावे लागले नसते.

८. त्यानंतर आम्ही आपल्या कार्यालयाचे उंबरठे झिजवले. मंडळ अधिकारी म्हणाले, सील तहसीलचे आहे. तहसीलचे बाबू म्हणाले, अहवाल मंडळ अधिकाऱ्यांचा आहे. एकाने सांगितले, संग्रहालय असेल तर संग्रहालयाची परवानगी आणा. त्यासाठी पुन्हा तोच छापील नमुना, आणि त्यात पुन्हा तोच रकाना. दुकान म्हणावे तर परवाना नाही, स्मारक म्हणावे तर मेलेला नाही. शेवटी एका बाबूंनी मला बाजूला घेऊन प्रेमाने सुचवले की, दुकानाचाच परवाना काढून घ्या ना बाई, तो सोपा असतो, सील लगेच निघेल. म्हणजे आमच्या फौजींना आधी विक्रीला काढा, मग त्यांचा मान करा. हा सल्ला देणाऱ्याच्या तोंडात पान होते, म्हणून मी त्याला काय म्हणाले ते त्याला नीट ऐकू गेले नसेल. ते इथे लिहिणार होते. धनंजयरावांनी कागदच ओढून घेतला.

९. आणि आता ज्याच्यासाठी हा अर्ज मी आजच लिहीत आहे ते.

सुखराम तितिरमारे आजारी आहेत. छातीत पाणी भरले आहे. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि घरी न्यायला सांगितले. घरी ते पाळीकडच्या पडवीत खाटेवर आहेत, तिथून उद्यान दिसते. ते बोलतात कमी, पण शुद्धीवर आहेत. त्यांनी औषध मागितले नाही, मुलाला पुण्याहून बोलवा म्हटले नाही. त्यांनी विचारले, "शेला आनला का?"

हा प्रश्न ते आता रोज विचारतात. आम्ही रोज काहीतरी उत्तर देतो. फौजेत राहिलेल्या माणसाशी खोटे बोलणे अवघड असते. ते ऐकून घेतात आणि डोळे मिटतात.

दुर्गाबाई आपल्या कार्यालयात आल्या होत्या. एकट्या आल्या, एसटीने, गुडघे धरून. मी त्यांच्यासोबत असते तर पुढचे घडले नसते असे नाही, पण मी ऐकून घेतले नसते. त्यांनी हात जोडले आणि म्हटले, "साहेब, मले बाकी काई नाई पायजे. ते खोली ठेवा तुमच्याजवळ. माह्या मानसाचा शेला तेवढा द्या. तो त्याईच्या संगं जाते."

त्यांना सांगण्यात आले की, सीलबंद मालातील एक नग काढायचा तर मालकीचा पुरावा लागेल. शेला विणला तेव्हा माझ्या सासूबाईंनी पावती फाडली नव्हती. दुर्गाबाई म्हणाल्या, नाव लिवलं हाय ना पदरावर. त्यावर बाबूंनी सांगितले की नावावरून मालकी सिद्ध होत नाही. पण हे कापड अंत्यविधीसाठी पाहिजे असे आपण म्हणता, तर मृत्यूचा दाखला जोडा, साहेबांसमोर ठेवतो.

दुर्गाबाईंनी सांगितले, ते जिवंत आहेत.

"अजून जित्ते हायेत ना ते? मग घाई काहून करून राहिल्या?"

साहेब, हे शब्द मी बदललेले नाहीत. दुर्गाबाईंनी मला जसे सांगितले तसे लिहिले आहेत, आणि त्या मला सांगत होत्या तेव्हा पदर तोंडात धरून सांगत होत्या. छप्पन्न वर्षे त्या माणसासोबत संसार केलेल्या बाईला विचारता, घाई काहून? मेल्यावर दाखला मिळायला दिवस जातात. आमच्यात माणूस त्याच दिवशी नेतात. म्हणजे दाखला येईल तेव्हा शेला घालायला अंग उरलेले नसेल, आणि अंग असेल तेव्हा दाखला नसेल. ही युक्ती ज्याच्या डोक्यातून निघाली त्याचा सत्कार करावा. शेला मात्र आमचा वापरू नये.

नवीन विणून घ्या, असेही सुचवण्यात आले. विणता येतो. माझ्या मागावर आज सूत चढवले तर होईल. पण नवा शेला लढाईत गेला नव्हता आणि परत आला नव्हता. त्याच्यावर तो डाग नाही. ज्या दशा या माणसासाठी माझ्या सासूने मोकळ्या ठेवल्या, त्याच बंद झाल्या पाहिजेत. हे आपल्याला पटत नसेल तर नका पटवून घेऊ. पण ज्याचे आहे त्याला द्या.

१०. तरी माननीय साहेबांना विनंती की,
अ) खोलीचे सील काढण्यात यावे;
आ) पंचनाम्यातील 'दुकान', 'माल', 'नग' आणि 'सदोष' हे शब्द खोडण्यात यावेत;
इ) हे दोन्ही होत नसेल तर आज, निदान आजच्या आज, शिपायाला पाठवून सील उघडून फक्त सुखराम तितिरमारे यांचा शेला दुर्गाबाईंच्या हातात द्यावा आणि वाटल्यास पुन्हा सील लावावे. आम्ही लाखही आणून देऊ. चहाही पाजू.

पाया पडायचे असेल तर मी पडेन. माझा राग मोठा आहे, पण त्याच्यापेक्षा सुखराम यांचे काम मोठे आहे. आज आम्ही हा अर्ज घेऊन येत आहोत आणि आवक शाखेचा शिक्का घेऊनच परत जाऊ.

जोड मजकूर, दिनांक १८ फेब्रुवारी

वरील अर्ज काल शिक्का मारून घेतला गेला नाही. आवक शाखेचे बाबू प्रशिक्षणाला गेले होते आणि शिक्का त्यांच्या कपाटात होता. आपण दौऱ्यावर होता. आम्ही कार्यालय बंद होईपर्यंत बाकावर बसलो आणि अर्ज घेऊन परत आलो. त्यामुळे त्याच कागदाच्या मागे आता पुढचे लिहिते. धनंजयराव शेजारी बसले आहेत. लाल पेन त्यांच्या खिशात आहे, त्यांनी तो काढलेला नाही.

सुखराम आज सकाळी गेले. दुर्गाबाई त्यांना चहा पाजत होत्या. एक घोट घेतला, दुसरा घेतला नाही.

बातमी कळली तशी मी त्यांच्या घरी गेले. त्यांना अंघोळ घालून अंगणात ठेवले होते. दुर्गाबाई रडत नव्हत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि हात पुढे केला, जसा बाजारात आपण वस्तू मागायला करतो तसा. त्या हातात ठेवायला माझ्याजवळ काही नव्हते. साहेब, मी एकसष्ट वर्षांची आहे, एवढ्या आयुष्यात मला कधी वाटली नव्हती तेवढी लाज त्या रिकाम्या हाताची वाटली. म्हणून मी उठले.

मी घरून सूत कापायची कैची घेतली आणि आखरावर गेले. मागून धनंजयराव आले. मला वाटले अडवायला आले. ते म्हणाले, "दोरी मी धरतो. तुमी कापा. लाख फोडू नका, ते त्याईची हाय." मंगरू आले. गावातले बाकीचे फौजी आले, कोणी टोपी घालून, कोणी नुसते धोतरावर, आणि दाराच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. कोणी त्यांना उभे राहा म्हटले नव्हते. मी दोरी कापली. आपला कागद फाडला नाही, तो तसाच दारावर आहे.

आम्ही एकच शेला काढला. बाकीचे जिथे होते तिथे आहेत, त्यांच्या चिठ्ठ्यांसकट. आपण दर पाहिजे तर तपासून घ्यावेत. दाराला कडी घातली आहे आणि मंगरू तिथे बसले आहेत. ते आपल्या शिपायाला अडवणार नाहीत. फक्त बसले आहेत.

दुर्गाबाईंनी अंगणात सगळ्यांसमोर त्या मोकळ्या दशा मांडीवर घेतल्या आणि एकेक गाठ मारली. त्यांचे हात संधिवाताने वाकडे झालेले आहेत, वेळ लागला. कोणी घाई केली नाही. मधे एकदा त्यांचा हात डिझेलच्या डागावर थांबला आणि तेव्हा त्या रडल्या. मग शेवटची गाठ मारली आणि शेला सुखराम यांच्या अंगावर घातला. आम्ही त्यांना तलावाच्या पाळीवरून, उद्यानावरून नेले. तो शेला त्यांच्यासोबत जळाला आहे.

आता विनंती बदलली आहे, ती खालीलप्रमाणे वाचावी.

पंचनाम्यातील नग क्रमांक सहा कमी करण्यात यावा. तो परत मिळणार नाही.

आपल्या छापील नमुन्यातील 'हुतात्म्याचे नाव' हा रकाना आम्ही आताही रिकामाच सोडत आहोत. आमचा माणूस मेला आहे, पण आपल्या सोयीने मेलेला नाही. लढून, परत येऊन, शेती करून, नातवंडे खेळवून, घरच्या चहाचा घोट घेऊन मेला आहे. असे मरणारा फौजी ज्या नमुन्यात बसत नाही तो नमुना आम्ही यापुढे भरणार नाही. त्यांचे नाव रविवारी दगडावर कोरले जाईल. परवानगी मागितलेली नाही. आपणांस यायचे असेल तर यावे, निमंत्रण समजावे. या वेळी नारळ पाठवलेला नाही.

सील तोडल्याबद्दल गुन्हा दाखल करायचा असल्यास तो माझ्यावर करावा. कैची माझी आहे. धनंजय मारबते यांचे म्हणणे आहे की दोरी त्यांनी धरली होती, सबब त्यांचेही नाव घ्यावे. मंगरू उईके यांचे म्हणणे आहे की त्यांचे नाव राहिले तर ते स्वतः ठाण्यात जातील. त्यांच्यामागे दुर्गाबाई आहेत आणि दुर्गाबाईंच्या मागे अख्खा साकरटोला. पोलीस पाठवायचे असतील तर मोठी गाडी पाठवावी.

आपली, आणि कालपर्यंत नम्र असलेली,

सही/-
सत्यवती चंद्रभान निखारे
मौजा साकरटोला

सही/- धनंजय मारबते, हवालदार क्लार्क (निवृत्त), अध्यक्ष
निशाणी डाव्या हाताचा अंगठा/- मंगरू उईके
सही/- दुर्गाबाई सुखराम तितिरमारे

सोबत:
१) ग्रामसभेच्या ठरावाची आणखी एक नक्कल.
२) आपल्या कार्यालयाचे सील, दोरीसह. लाख शाबूत आहे. तपासून पोच द्यावी.
३) कै. सुखराम तितिरमारे यांच्या मृत्यूचा दाखला. तो अजून मिळालेला नाही. मिळाला की आणून देऊ. आता आम्हाला घाई नाही.